मडके कोणाचे?

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सिल्वासातील आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत शेजारच्या बेनच्या घरच्यांनी मडके लावले होते. मडके जमिनीवर उपडे घातलेले, भोवती गोवऱ्या, वाळका पाला आणि उसाचे पाचट, आणि त्याला दिलेली आग. माझी आई गॅलरीत उभी राहून ते पाहत होती. वडील गेल्यावर डहाणू तालुक्यातले घर बंद करून ती आमच्याकडे राहायला आली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत तिने आपणहून विचारलेला प्रश्न एकच, "इथं अंगण कुठं आहे रे?" त्या दिवशी मात्र ती काठी घेऊन खाली गेली, धुराजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "ही तर आपली हंडी!"

"ना बा," बेन हसून म्हणाल्या, "आ तो अमारुं उबाडियुं. वलसाडनुं."

आईला ते पटेना. तिच्या माहेरी थंडीत शेताच्या बांधावर असेच मडके लागत असे. दोघी आपापल्या भाषेत भांडल्या, दोघींना एकमेकींचे सारे कळले, आणि शेवटी त्या मडक्यातले आम्ही सर्वांनी एकत्र बसून खाल्ले. पण वर आल्यावर आईने मला फर्मावले, "तू इतिहास शिकवतोस ना? मग सांग, मडकं कोणाचं?"

मी इतिहासात एम.ए. केले, तीस वर्षांच्या आसपास शाळेत इतिहास शिकवला, पण हा प्रश्न कुठल्याही प्रश्नपत्रिकेत मला भेटला नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्याचे लांबलेले उत्तर आहे.

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगतो. वालपापडीच्या कोवळ्या शेंगा, लहान बटाटे, रताळी आणि कोनफळाचे तुकडे घ्यायचे. हिरवी मिरची, आले आणि लसूण वाटून त्यात ओवा व मीठ मिसळायचे आणि ते वाटण बटाट्या-रताळ्यांना चिरा देऊन आत भरायचे. मडक्याच्या तळाशी उग्र वासाचा पाला, त्यावर भाज्यांचे थर, आणि तोंडाशी पुन्हा पाल्याचा घट्ट बोळा. मग मडके उपडे करून भोवती आग. तेल नाही, पाण्याचा थेंबही नाही. शेंगांतला ओलावा वाफ होऊन आतल्या आत कोंडतो आणि तापलेल्या मातीला टेकलेला भाग खरपूस भाजतो. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात. चर्र होऊन थेंब क्षणात उडून गेला की जेवण तयार झाले असे समजावे. सोबत हिरवी चटणी आणि ताक.

वलसाडजवळ डुंगरीच्या आसपास थंडीच्या दिवसांत हमरस्त्याच्या कडेला उबाडियुंची मडकी ओळीने पेटलेली दिसतात. तिथल्या पाल्याला कलार म्हणतात. तिथून दक्षिणेला पालघर-वसईच्या किनाऱ्यावर याच भाज्यांची उकडहंडी होते. आणखी खाली रायगडात, अलिबाग-पेणकडे, पोपटी लागते. तिच्यात पाला भांबुर्ड्याचा, आणि वालाच्या शेंगांबरोबर अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडीही जाते. सुरतेचे प्रसिद्ध उंधियुं हेही याच घरातले. उंधुं म्हणजे उपडे, हे नावच मडके कसे ठेवले जात असे ते सांगते.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हा अनुभव वेगळ्या वस्तूत आला असेल. ज्वारीची कोवळी कणसे गोवरीच्या निखाऱ्यात भाजून आपण हुरडा खातो. पलीकडे कन्नडमध्ये त्याला सीतनी म्हणतात आणि इकडे सुरतेत पोंक. कणीस तेच, आर तोच, चोळणारे हात मात्र तीन भाषांचे. तेव्हा आईचा प्रश्न एकट्या सिल्वासाचा नाही, आपल्यासारख्या साऱ्या सीमेवरच्या घरांचा आहे.

आता उत्तराकडे वळू. उबाडियुं प्रथम कोणी लावले हे सांगणारी बखर नाही की ताम्रपट नाही. पण कागद नसला म्हणजे इतिहास नसतो असे नाही. मडक्यातला प्रत्येक जिन्नस हा साक्षीदार असतो आणि त्याची साक्ष घेता येते.

पहिला साक्षीदार वाल. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने दीर्घकाळ उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी उजेडात आणलेली ती वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. तिथल्या जळक्या धान्यात वालाचे दाणे मिळाले. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत वाल तीन हजारांहून अधिक वर्षे रुजलेला आहे. मात्र त्याची रानटी भावंडे आफ्रिकेत सापडतात, आणि तो मूळचा तिकडचा असे वनस्पतिशास्त्र मानते. हुरड्याची ज्वारीही तिकडचीच.

दुसरा साक्षीदार कोनफळ, गुजरातीत कंद. त्याची लागवड आग्नेय आशियात सुरू झाली. ओव्याचे संस्कृत नावच यवानी, त्यात यवनांचा संबंध उघड दिसतो. आणि उरलेले तिघे, बटाटा, रताळे आणि मिरची, हे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली अटलांटिक ओलांडून गेला, त्यापूर्वी यांपैकी एकाचीही चव भारतात कोणाला ठाऊक नव्हती. तोवर आपल्या जेवणाला तिखटपणा येत होता तो मिरी आणि आल्याने.

गंमत अशी की, आई एकादशीला जे खाते त्यातले रताळे, बटाटा, शेंगदाणा आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिकेतून आलेले. ज्या दिवशी आपण शुद्धतेविषयी सर्वांत काटेकोर असतो, त्या दिवशीचे ताट सर्वांत परदेशी असते. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "विठोबाला चालतंय, तुला काय झालं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

ही पिके आपल्याकडे आणण्यात पोर्तुगीजांचा मोठा वाटा होता. आमच्या सिल्वासात पोर्तुगीजांचे नाव काढले की लोकांना १९५४ आठवते, आणि ते योग्यच आहे. पण तारखांची गल्लत होऊ नये. मराठ्यांच्या आरमारामुळे सांताना या जहाजाबाबत पोर्तुगीजांचे नुकसान झाले. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले, आणि त्यानुसार १७८३ साली नगर हवेलीची बहात्तर गावे पोर्तुगीजांकडे गेली. दादरा त्यांनी १७८५ साली विकत घेतले. बटाटा-मिरची मात्र या तहाची वाट पाहत बसली नव्हती. गोवा १५१० पासून, वसई १५३४ पासून आणि दमण १५५९ पासून पोर्तुगीजांच्या हाती होते. त्या बंदरांतून ही पिके किनाऱ्यावर उतरली आणि बाजारहाट करणाऱ्या माणसांबरोबर आत सरकली. त्यांच्या मागोमाग शब्दही आले. उत्तरेत बटाट्याला आलू म्हणतात. तो आपल्याकडच्या कंदांचा जुना संस्कृत शब्द या नव्या पाहुण्याला दिला गेला. किनाऱ्यावर आपण आणि गुजरातींनी पोर्तुगीजांचा बटाटाच उचलला. पाव, कोबी, अननस, काजू, चावी, पगार हे त्याचे सोबती. गोव्याचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी आशियाई भाषांत गेलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथच १९१३ साली प्रसिद्ध केला.

१९५४ च्या २२ जुलैला दादरा मुक्त झाले, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसे होती, गुजराती होती, गोमंतकीय होती. पोर्तुगीज अंमल गेला. सात वर्षे स्वतंत्र कारभार चालला, ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला, आणि २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीवबरोबर एक केला गेला. १७८३ ते १९५४ ही १७१ वर्षे आणि त्यानंतरची ही स्थित्यंतरे. एवढ्या काळात सरकारी पाट्यांवरची भाषा बदलत गेली, पण मडक्यात काय घालावे हे कोणत्याही राजवटीने ठरवले नाही.

मी आईला उत्तर दिले ते असे. आगीत कंद आणि शेंगा भाजण्याची रीत साऱ्या सीमांहून जुनी आहे. जंगलात राहणाऱ्यांनी ती मडके हाती येण्याआधीपासून चालवली असणार. आतले जिन्नस तीन खंडांतून आले. तेव्हा मडके तुझे नाही आणि बेनचेही नाही. ज्या वर्षी जो लावील त्या वर्षी ते त्याचे. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे तुला ठाऊक नाही."

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण पुढच्या थंडीत निराळीच अडचण आली. धुराने भिंत काळी होते म्हणून सोसायटीच्या आवारात आग पेटवायला बंदी झाली. तक्रार रास्त होती. पूर्वी मडके शेतात लागे, आता आमचे शेतच राहिलेले नाही. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत सुमारे ५८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ३ लाख ४३ हजारांवर गेली. करसवलतींमुळे कारखाने आले, कारखान्यांमागे देशभरची माणसे आली, आणि माणसांमागे चार-चार मजली इमारती. मीही त्या ओघातलाच एक. याबद्दल गळा काढणार नाही, कारण याच कारखान्यांच्या पगारावर माझ्या शाळेतली निम्मी मुले शिकली. पण अंगण गेले ते गेलेच.

मग घरातच भाजायचे ठरले. पहिल्या खेपेला मी जाड पातेल्यात भाज्या भरून, करपू नये म्हणून तळाशी वाटीभर पाणी घातले. आईने एक घास घेतला आणि ताट सरकवले. "हे उकडलंय. भाजलं नाहीस तू." तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. पाणी आहे तोवर भांड्यातली उष्णता शंभर अंशांच्या फार वर जात नाही, आणि भाजल्याचा तो तपकिरी रंग व खमंग वास यायला पृष्ठभागाला साधारण दीडशे अंशांच्या जवळपासची कोरडी धग लागते. पुढच्या वेळी पाणी काढून टाकले. लोखंडी जाड कढई, तळाशी केळीच्या पानाचे दोन पदर, वर कोबीची बाहेरची पाने, त्यांवर भाज्या, जड झाकण आणि कडेने कणकेचा लेप. मंद आचेवर चाळीस मिनिटे झाकणाला हात लावायचा नाही. शेवटी मध्ये लहान वाटीत पेटता निखारा ठेवून पाच मिनिटे झाकायचे, म्हणजे थोडा धूर लागतो. गोव्यात आणि वसईत अनेक ख्रिस्ती घरांतले रोस्ट असेच जाड बुडाच्या भांड्यात, चुलीवर होत आले आहे. घरोघरी भट्टी कुठून असणार? आणि ज्या इंग्रजांकडून आपण रोस्ट हा शब्द घेतला, त्यांच्याकडेही जुने रोस्ट म्हणजे उघड्या आगीसमोर सळईवर फिरवलेले मांस. बंद भट्टीतले रोस्ट मागाहून आले. अंगण गेले की पाककृती आत येते, हे तिथेही घडले. या खेपेला आई म्हणाली, "चालेल." बेनकडे वाटीभर गेले, तिथूनही तसाच निरोप आला.

आता दुसऱ्या मडक्याविषयी. पहिल्या वर्षीचे ते मडके आगीने तळाशी तडकले होते. बेन ते टाकून देणार होत्या. आईने ते मागून घेतले, धुऊन गॅलरीत ठेवले, माती भरली आणि त्यात पानओव्याची फांदी खोचली. तडक गेली होती म्हणून वेगळे भोक पाडावे लागले नाही. जास्तीचे पाणी आपोआप निघून जाई. फांदी पंधरा दिवसांत धरली. तोवर मी बाजारातून आणलेल्या चार शोभिवंत कुंड्यांतली तीन झाडे मेली होती, कारण सकाळ-संध्याकाळ पाणी घालणे हेच प्रेम, अशी माझी समजूत होती. घरातले झाड उन्हाने क्वचित मरते, बहुधा ते पाण्याने मरते. मुळांना हवा लागते, चिखलात ती गुदमरून कुजतात. आईचा नियम सोपा. बोट दोन पेरे मातीत घालायचे. ओले लागले तर तांब्या परत नेऊन ठेवायचा.

घरात झाडे ठेवणे ही शहरी हौस, असा माझा समज होता. तोही नवरात्रात आईने दूर केला. घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरतो, मध्ये घट ठेवतो आणि नऊ दिवस ते घरात वाढवतो. ही मराठी घरातली जुनी घरातली शेतीच म्हणायची. देवघराच्या काळोखात ती रोपे उंच आणि पिवळी होतात, कारण अंधारात रोप आपली सारी शक्ती उजेड शोधत लांब होण्यात घालवते. बेनच्या घरीही तेच, नाव जवारा. शिवाय आषाढात गौरीव्रत करणाऱ्या गुजराती मुली मातीच्या लहान भांड्यांत गव्हाचे जवारे वाढवतात. आमच्या आसपासच्या वारली पाड्यांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्यात मधोमध पालघट देवी असते. पाल्याने ओसंडलेला घट, असा तिच्या नावाचा अर्थ अभ्यासक सांगतात. मराठी, गुजराती आणि वारली, तिघांच्याही घरात मंगलाच्या वेळी मडके आणि हिरवा कोंब एकत्र येतात, हे मी इतकी वर्षे पाहत होतो आणि माझ्या ध्यानात आले नव्हते.

दिवाणखान्यातल्या झाडांचा आधुनिक इतिहास मात्र लंडनचा. नॅथनिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर तिथे राहत असे. कारखान्यांच्या आणि चुलींच्या धुराने त्याच्या बागेतले नेचे जगत नसत. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला. पतंगाचे काय झाले ते असो, पण त्या मातीतून नेच्याचे रोप उगवले आणि बंद काचेत जगले. त्यावरून त्याने काचेच्या पेट्या केल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून झाडे जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधली चहाची रोपे याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. धुराने बाग गेलेल्या माणसाच्या घरात या प्रकाराला जोर आला, हे आम्हा सिल्वासाकरांना सांगण्यासारखे आहे.

या पेट्यांच्या काळात झाडांनी उलटसुलट प्रवास केले. रबराचे झाड ईशान्य भारतातल्या जंगलाचे. ते युरोपच्या दिवाणखान्यांत गेले आणि साहेबी झाड होऊन आपल्याकडे हॉलच्या कोपऱ्यात परतले. मनी प्लँट पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटाचे, सदाफुली आणि पानफुटी मादागास्करची. चोरून आणलेले मनी प्लँट चांगले वाढते, अशी समजूत दोन्ही भाषांत आहे. आमचे बेनच्या गॅलरीतले आहे आणि त्यांचे आमच्या. घरातली झाडे हवा शुद्ध करतात असे नासाच्या १९८९ च्या अहवालानंतर फार बोलले गेले. नंतरच्या संशोधनाने दाखवले की, खोलीतल्या दोन-चार कुंड्यांनी हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. त्यासाठी खिडकी उघडावी. कुंडी ठेवावी ती दुसऱ्या कारणासाठी. आई सकाळी उठून आता प्रथम गॅलरीत जाते. अंगण कुठे आहे, हा प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. माझी धाकटी मुलगी अकरावीत आहे. घरात मराठी, जिन्यात गुजराती, कॉलेजात हिंदी आणि इंग्रजी अशी तिची वाटणी आहे, आणि दहावीनंतर तिने मराठीत एक ओळही लिहिली नव्हती. गेल्या थंडीत मी तिला आजीकडून हंडीची कृती लिहून घ्यायला बसवले. आजी सांगू लागली आणि तिसऱ्याच ओळीला मुलगी थांबली. "कोनफळ म्हणजे काय?" तिला कंद ठाऊक होता. मग पाचट अडले, गोवरी अडली, वाटण अडले. शेवटी तिने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले, एकात आजीचा शब्द आणि दुसऱ्यात बेनचा. बेनही येऊन बसल्या, तेव्हा कळले की त्यांच्या सुनेलाही निम्मे गुजराती शब्द नवे होते. त्या दिवशी सव्वीस शब्द जमले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्या पानाचे मोल वाटते. बटाटा इथे टिकला, कारण तो रोज शिजला आणि रोज त्याचे नाव घेतले गेले. कोनफळ बाजारात मिळत राहील, पण ते नाव माझ्या घरात आईबरोबर संपले असते. वाचकांना एवढीच विनंती आहे की, या थंडीत आपल्या घरी जे काही भाजले जाईल, हंडी असो, हुरडा असो वा साधे रताळे, त्या वेळी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवावे आणि मुलांच्या हाती वही द्यावी. आमच्या वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत, आणि पानओव्याच्या मडक्याशेजारी आईने आता दुसरे मडके आणून ठेवले आहे. ते अजून तडकलेले नाही. डहाणूच्या भाचीकडे शेत आहे, तिथे ते संक्रांतीला न्यायचे आहे. बेनही येणार आहेत.